नेलपॉलिशचा ठिपका

हसू नका, मला अजून लाज वाटते. आमच्या जुन्या म्युझिक सिस्टिमच्या प्रीअँपचा व्हॉल्यूम फिरवला की खरखर यायची. म्हणून बाबा गावाला गेलेले असताना मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नवा व्हॉल्यूम कंट्रोल आणून बसवला. नॉब जुनाच ठेवला. त्यावर नेलपॉलिशचा ठिपका होता. तो बरोबर वर आणूनच बाबा रोज सकाळी नाट्यगीतं लावायचे. सांगितलं काहीच नाही. म्हटलं, त्यांचं त्यांना कळू दे, मग भाव खाऊ.

आठवड्याने बाबांच्या पिशवीत कानाच्या डॉक्टरची फाइल दिसली.

"बाबा, हे काय?"

"अरे, ठिपक्यावर ठेवूनही गाणं बारीक येतं. इतकी वर्षं आनंदनगरच्या कारखान्यात मशिनींच्या आवाजात काढली. म्हटलं, गेले कान."

त्या सिंधी दुकानदाराने मला दोनदा बजावलं होतं, "साईं, इसका आवाज पहले धीरे-धीरे चढेगा, नॉब पहले से ज़्यादा घुमाना पड़ेगा."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"वयाच्या मानाने कान उत्तम आहेत म्हणाले. तेव्हापासून जास्त घाबरलोय. आईला सांगू नकोस, पण बहुतेक माझं डोकंच कामातून चाललंय."