‘शुक्रावरचा मुक्काम’ या फिल्मच्या शेवटाबाबत

पुरवणी जबाब
दिनांक ०९/०१/२०२६, पोलीस ठाणे, छत्रपती संभाजीनगर शहर

नाव: श्रीमती भानुमती अनंतराव देवळाणकर, वय ७३ वर्षे, व्यवसाय: निवृत्त परिचारिका, राहणार समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती अनंतराव गेल्या माघात वारले. ते शाळेत शिक्षक होते. १९८७ साली टीव्हीसाठी केलेल्या ‘शुक्रावरचा मुक्काम’ या फिल्ममध्ये त्यांनी अंतराळवीराचं काम केलं. फिल्म एकदाच लागली. तिची एकच कॅसेट आमच्या घरी आहे. फिल्मभर त्यांच्या डोक्यावर पत्र्याचं शिरस्त्राण असून आतला आवाज दुसऱ्याचा आहे. शेवटच्या प्रवेशात ते शिरस्त्राण काढतात आणि स्वतःच्या आवाजात बोलतात. २००९ मध्ये घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला. नात चारुता हिने तो ऐकलेलाच नाही. वर्षश्राद्धाला तिला ऐकवावा म्हणून कॅसेट पैठण गेटजवळ गयास यांच्या दुकानात पेन ड्राइव्हवर उतरवायला दिली.

परवा पेन ड्राइव्ह मिळाला. त्यात शेवट नव्हता. तो गयास यांनी पुसला, अशी तक्रार मी काल इथेच दिली. दुकानात चार लोकांत त्यांना नको ते बोललेही.

आज सकाळी अकराच्या सुमारास हवालदार शिवम यांच्यासमक्ष गयास यांनी मूळ कॅसेट लावली. ते म्हणाले, "काकू, मी एक सेकंद बी कापला नाय. तुमीच बघा." यान उतरलं, दार उघडलं आणि पडद्यावर एक बाई सुरळीच्या वड्या करू लागली.

पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून अनंतरावांनी कॅसेटची खिटी मोडून ठेवली होती. त्या खाचेवर दवाखान्यातली चिकटपट्टी होती, टोकं गोल कापलेली. खाच अशी बुजवली की कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होतं. तशी कापली की पट्टी उचकटत नाही. आमच्या घरात ही सवय फक्त मला. भाच्याच्या मुंजीची कॅसेट समजून टीव्हीवरची वड्यांची कृती उतरवायला केव्हातरी मीच ती लावली असणार. त्या वड्या मी आजतागायत केलेल्या नाहीत.

हे अनंतरावांना ठाऊक होतं. पाहुण्यांना फिल्म दाखवताना यानाचं दार उघडलं की ते दरवेळी टीव्ही बंद करत आणि शेवट स्वतः उभं राहून करून दाखवत. मी म्हणायचे, "हौस दांडगी! राहू द्या की चालू." ते म्हणायचे, "टीव्हीत मी बारीक दिसतो गं." आवाज गेल्यावर ते हातवारे करत आणि वाक्य मी म्हणत असे. इतक्या वर्षांत त्यांनी मला कळू दिलं नाही. याबद्दल मला त्यांचा फार राग आला आहे. तो नोंदवता येत नाही, असं मला सांगण्यात आलं.

गयास यांची मी माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

शेवटी काय होतं, असं हवालदारांनी विचारलं. मी उभी राहून दाखवलं. अंतराळवीर शिरस्त्राण काढतो, एक श्वास घेतो आणि घरच्यांना कळवतो, "हवा बरी आहे इथं. सावकाश या."

जबाब मला मराठीतून वाचून दाखवण्यात आला. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचायला लावलं. ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.