सिद्धव्वाची सही आणि सातवा नियम

आता मला सांगा, म्हशीला लस टोचून घेतली म्हणून बाईनं सही केली, तर त्या सहीनं सोसायटीचा नियम बदलतो व्हय? माझ्या बायकोनं, सिद्धव्वानं, एवढंच इचारलं, तर गाव मलाच म्हणायलंय, "अमृतप्पा, तुमची मंडळी लई संशयी."

तुम्हाला सांगतो, आमच्या हळ्ळीखेडात बायांची दूध सोसायटी हाय, साठ सभासद, नियम सिद्धव्वानं आन चौघींनी बसून केलेले, त्यात सातवा असा की अध्यक्षीण दोनदाच, तिसऱ्यांदा न्हाई... आन अध्यक्षीण कमलबाईची दुसरी खेप सरत आली, तसा फळ्यावर कागद लागला: सातवा नियम सर्वानुमते रद्द.

"कोण सर्व?" सिद्धव्वा म्हणली.

सेक्रेटरी महेशकुमार गोड बोलतो, "अक्का, तुमची बी सही हाय की." बघितलं तर सही तिचीच, पण सहीपुढं लिवलेलं, 'काळी, एक शिंग मोडकं'. लशीच्या यादीवर वरून ठराव चिकटवलेला!

मी म्हणलं, जाऊ दे. ती कुठली जाऊ देती? घरोघर हिंडली, प्रत्येकीला एकच, "कोण सर्व?" आन सभेला सातवा परत आणाया चाळीस हात वर झाले. तर महेशकुमार म्हणतो, "अक्का, त्याच दिवशी आठवा बी बदललाय. आता नियम बदलाया चाळीस न्हाई, पंचेचाळीस हात लागतेत."

"कुणी ठरवलं?"

"सर्वांनी."

"कोण सर्व?"

भांडली न्हाई बघा. म्हणली, "कुणी उठू नका," आन स्वतः गेली, सभेला न आलेल्या चौघींना घेऊन आली, एक तर ज्वारीतून इळा हातात घेऊनच... आन पाचवी कोण? कमलबाईची सासू! म्हातारीनं सुनेकडं बघत हात वर केला, म्हणली, "मी आदी सभासद, मग सासू."

सातवा, आठवा, दोन्ही नियम जागेवर आले. म्हैना गेला, निवडणूक झाली, अध्यक्षीण सिद्धव्वा. मला वाटलं, सुटलो. आता नियमाचं पुस्तक तिच्या ट्रंकेत, किल्ली कमरेला. काल म्हणलं, दाव की जरा, सातवा नीट लिवलाय का बघू... तर मला वरखाली बघून म्हणती, "कामून? तुमी सभासद हाव का?"

न्हाई ना मी. बायांची सोसायटी ती. गप चहा ठेवला.