यादीचं मागचं पान

पोलंडची राजधानी वॉर्सॉ, लष्करी राजवटीचा पहिला हिवाळा. मांसाच्या दुकानापुढे रांगेत कोणाचा नंबर कितवा याची यादी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाई आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी झिता माझ्यापुढेच उभ्या होत्या.

"बाई, माझा तर्कशास्त्राचा वर्ग बंद केला."

"कोणी?"

"कम्युनिस्ट पक्षाच्या माणसाने. म्हणाला, माणूस आमच्या बाजूचा, नाहीतर विरुद्ध. तिसरं काही नसतं."

"नसतं? अगं, खरं, खोटं आणि अजून न ठरलेलं, हे तिसरं आपल्याच पोलिश तर्कशास्त्रज्ञांनी मांडलं! अख्खा युरोप आपल्याकडून शिकला, आणि हा मेला आपल्याला दोनावर आणून बसवतोय?"

"हळू बोला ना."

"का म्हणून? युद्धात जर्मनांनी विद्यापीठ बंद केलं तेव्हा मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत तर्कशास्त्राची परीक्षा दिली. पहिली आले. तुझा वर्गही तसाच चोरून भरवू."

"पण मुलांची नावं लिहायची कुठे? कागद सापडला तर?"

"या यादीचं मागचं पान कोरं आहे. मांसाच्या रांगेची यादी कोण तपासतंय! गुरुवारी पाचला, माझ्या स्वयंपाकघरात. खुर्ची ज्याची त्याने आणायची."

झिताने पेन्सिल घेतली. बाई गर्रकन माझ्याकडे वळल्या.

"काय हो, मघापासून कान लावून उभे आहात. तुमचं नाव कोणत्या पानावर घालू?"

"दोन्ही पानांवर घाला, बाई."