आवरून ठेवलेली हवा

(दवाखान्यातली मुख्य डॉक्टरांची खोली. सकाळ. त्यांना न्यायला आलेली गाडी खाली उभी आहे.)

सिस्टर : बसा बघू जरा. मघापासून खिडकी ते दार, दार ते खिडकी. फरशी झिजेल.

डॉक्टर : माझा चष्मा कुठंय?

सिस्टर : डोक्यावर.

डॉक्टर : आणि घड्याळ?

सिस्टर : हातात. बाई, अहो सभेला चाललाय, फासावर नाही. अख्खी पालिका तुमच्या बाजूने आहे. तुम्ही उभ्या राहायचा अवकाश, हात वर होतील आणि रंगकारखान्याला टाळं लागेल.

डॉक्टर : तेच तर. टाळं लागेल.

सिस्टर : लागायलाच हवं! वर्षभर कशासाठी वणवण केलीत? मागच्या वस्तीतलं एक घर सोडलं नाहीत. पोरांच्या छात्या तपासल्यात, हवेच्या मोजणीवाल्यांना हातापाया पडून आणलंत. आता घास तोंडाशी आला आणि तुम्ही चष्मा शोधताय.

डॉक्टर : सिस्टर, ऐका एकदा. सभेत मी म्हणणार आहे की, वस्तीच्या एका बाजूला आपला दवाखाना, दुसऱ्या बाजूला कारखाना. आपल्या आवारात यंत्र लावलं, हवा स्वच्छ निघाली. कारखान्याच्या फाटकाशी लावलं, घाण निघाली. म्हणून पोरांना दमा होतोय तो कारखान्यामुळे. बरोबर?

सिस्टर : शंभर टक्के.

डॉक्टर : मग मला झोप का लागत नाही?

सिस्टर : कारण तुम्ही रात्रीचं जेवत नाही. मी कितीदा सांगितलं.

डॉक्टर : आपली हवा एवढी स्वच्छ कशी, सिस्टर? डोंगरावरच्या देवळात असावी तशी. आपल्या आवारात रुग्णवाहिका येतात-जातात, स्वयंपाकघर आहे, कचरा जाळायची भट्टी आहे.

सिस्टर : आपण स्वच्छता ठेवतो म्हणून. तुम्ही खिडकीच्या कडेवरून बोट फिरवता, त्या बोटाला घाबरून सगळे फडकी घेऊन फिरतात. आता त्याचंही वाईट वाटून घ्या. कोण आहे? या, आत या. अहो तात्या, आत्ता? बाई निघाल्यात.

तात्या : दोनच मिनिटं, मॅडम. भट्टीचं काम उरकून आलो. हात धुतलेत.

डॉक्टर : या तात्या. बसा.

तात्या : नको, उभाच बरा. मॅडम, तसं माझं काही नाही. आपलं सहज. म्हणजे सहज नाही, पण... जावई त्या कारखान्यात आहे. रंगाच्या टाकीवर.

सिस्टर : आलं लक्षात. तात्या, इथे वशिला चालत नाही.

तात्या : वशिला नाही हो सिस्टर. लेकीला दिवस गेलेत. घर नुकतंच भाड्याने घेतलंय, दोन खोल्यांचं. कारखाना बंद झाला तर पोर माहेरी येईल, येऊ दे, मी काही तिला नको म्हणणार नाही. पण जावई मानी आहे. सासऱ्याच्या घरी पंगतीला बसणाऱ्यातला नाही तो.

डॉक्टर : तात्या, तिथल्या धुराने पोरं आजारी पडतायत.

तात्या : पडत असतील. तुम्ही म्हणताय म्हणजे पडतच असतील. मी अडाणी माणूस, तुमच्यापुढे काय बोलणार? मी एवढंच म्हणतो, मी आजवर तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही. कधी रजा मागितली नाही. तुमच्या मोजणीच्या दिवशी तर भट्टीत काडीसुद्धा टाकली नाही. कचऱ्याच्या पिशव्या छताला लागल्या तरी चालतील म्हटलं, पण मॅडमच्या यंत्राला धूर लागता कामा नये. एवढं ज्याने सांभाळलं, त्याच्यासाठी एक शब्द...

डॉक्टर : थांबा.

तात्या : चुकलं का काही?

डॉक्टर : मोजणीच्या दिवशी भट्टी बंद असते?

तात्या : म्हणजे काय! थंडगार. यंत्र येणार म्हटलं की आदल्या दिवशीच राख काढून, आत झाडून घेतो. चिमणीने घरटं बांधावं अशी.

डॉक्टर : प्रत्येक वेळी?

तात्या : एकदाही चुकलो नाही, मॅडम. देवाशप्पथ.

डॉक्टर : आणि त्या दिवशीचा कचरा?

तात्या : दुसऱ्या दिवशी. मंगळवारचा बुधवारी. साठलेला सगळा एकदम. पट्ट्या, नळ्या, हातमोजे. त्या दिवशी जरा जास्त काळा निघतो धूर, पण तोवर तुमचे मोजणीवाले गेलेले असतात, त्यांना त्रास नाही.

डॉक्टर : सिस्टर.

सिस्टर : हं.

डॉक्टर : माझ्या भाषणात एक जागा आहे. सगळ्यात जास्त टाळ्या तिथेच पडतील असं तुम्हीच म्हणाला होतात. 'मोजणीवाल्यांची पाठ फिरली की धूर सुटतो आणि गुरुवारी माझा दवाखाना धापा टाकणाऱ्या पोरांनी भरतो.' मी कारखान्याला लबाड म्हणणार होते, सिस्टर. चारचौघांत.

सिस्टर : बाई, पाणी प्या.

डॉक्टर : पाणी नकोय मला! तात्या, भट्टी बंद ठेवायला कुणी सांगितलं?

तात्या : ते... आपलं... कुणी नाही. माझं मीच.

सिस्टर : तात्या, खोटं बोलायची सवय नसली की बोलू नये. मी सांगितलं, बाई.

डॉक्टर : तुम्ही?

सिस्टर : त्यात सांगण्यासारखं काय होतं? बाहेरची माणसं बघायला येणार म्हटल्यावर आपण काय करतो? चादरी बदलतो. फरशी पुसतो. गळका नळ बांधून ठेवतो. मोजणी म्हणजे राउंडच की. तुमच्या आधीच्या मोठ्या डॉक्टरांपासून चालत आलेली रीत आहे ही. तुम्ही शिकाऊ म्हणून आलात, तेव्हा मीच तुम्हाला सांगितलं होतं, राउंडच्या आधी खाटांखालच्या चपला उचला. तेव्हा नाही विचारलंत, चपला कशाला उचलायच्या?

डॉक्टर : चपला आणि धूर एक नाही.

सिस्टर : मला काय ठाऊक? तुम्ही मला म्हणालात, 'सिस्टर, मंगळवारी हवा मोजणार आहेत.' मी हवा आवरून ठेवली.

डॉक्टर : हो. आवरून ठेवलीत. चूक माझी आहे. वर्षानुवर्षं मी ज्या वस्तूला बोट लावलं ती तुम्ही पुसून ठेवलीत, आणि मी बोट बघून खूश झाले.

तात्या : मॅडम, मी जाऊ का? भलत्या वेळी आलो.

डॉक्टर : नाही. तुम्ही थांबा.

सिस्टर : हॉर्न वाजवतोय तो. बाई, आता माझं शांतपणे ऐकून घ्या. ते कारखानेवाले काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. फाटकाशी यंत्र लावलं तेव्हा हवा घाणच निघाली ना?

डॉक्टर : घाण निघाली. पण मागच्या वस्तीतल्या पोरांना आजारी करण्याएवढी? ते मी आपल्या आकड्याशी ताडून ठरवलं होतं. आपला आकडाच गेला.

सिस्टर : मग आज कारखाना बंद होऊ दे. आपली भट्टी आपण गुपचूप दुरुस्त करू. नवीन धुराडं बांधू, उंच. कुणाला कळायचं कारण नाही. तात्या बोलणार नाहीत, मी बोलणार नाही.

तात्या : मी बोलणार नाही, पण जावई...

सिस्टर : तात्या, जरा गप्प बसा. बाई, तुम्ही आज उठून म्हणालात की आमचंच चुकलं, तर हसतील लोक. आज हसतील, आणि उद्या तुम्ही म्हणालात की पाणी उकळून प्या, तरी हसतील. गटार उघडं आहे म्हणालात तर म्हणतील, आधी तुमच्या मोरीत बघा. या गावात धूर, पाणी, माश्या यांवर बोलणारी एकच डॉक्टर आहे. बाकीचे गोळ्या देतात आणि पुढचा पेशंट म्हणतात. तुमचा शब्द गेला तर कुणाचा उरला?

डॉक्टर : आणि तो शब्द खोट्यावर उभा असला तर?

सिस्टर : झाकली मूठ सव्वा लाखाची.

डॉक्टर : मुठीत धूर आहे, सिस्टर. रंगाच्या टाक्यांवरची माणसं उद्या घरी बसतील, पोरं मात्र गुरुवारी पुन्हा येतील. मग मी काय सांगू त्यांच्या आयांना? कारखाना तर बंद आहे.

सिस्टर : गाडी खोळंबलीय, बाई.

डॉक्टर : बोला ना. चिऊला गेल्या गुरुवारी तुम्ही स्वतः कडेवर घेऊन आलात. ओठ निळे पडले होते तिचे. मी वाफ देत होते आणि तुम्ही कारखान्याला शिव्या घालत होतात. अशा शिव्या मी तुमच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या.

सिस्टर : माझ्या नातीला मध्ये आणू नका.

डॉक्टर : तुमचं घर कुठंय?

सिस्टर : ठाऊक असून विचारू नका.

तात्या : भट्टीच्या मागच्याच भिंतीला लागून, मॅडम. पहिलं दार.

सिस्टर : तात्या!

तात्या : त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं.

सिस्टर : हे बघा बाई, तीस वर्षं त्या भिंतीशी राहतेय मी. मला काही झालं नाही. मुलाला झालं नाही. जुन्या काळी भट्टीत कापूस आणि पट्ट्याच असायच्या म्हणा. आता निम्मं प्लास्टिक असतं. वास येतो, तो काय, सवयीचा आहे. भट्टी पेटली की मी वाळत घातलेले कपडे तेवढे आत घेते. पांढऱ्या साड्या, काजळी धरते ना...

डॉक्टर : सिस्टर?

सिस्टर : कपडे आत घेते मी.

डॉक्टर : बसा.

सिस्टर : साड्या आत घेते, बाई. आणि चिऊ अंगणात खेळत असते. तिला हाक मारत नाही. म्हणते, खेळू दे, घरात पायात पायात येते.

डॉक्टर : बसा आधी. तात्या, ती खुर्ची द्या. हे बघा, माझ्याकडे बघा. चिऊला भट्टीनेच होतं, असं मी म्हटलेलं नाही. मला माहीत नाही. कदाचित दोन्हीकडचा धूर असेल. कदाचित तिसरंच काही. आजपर्यंत मला माहीत आहे असं मी धरून चालले, तिथेच फसले.

सिस्टर : मी चाळीस खाटांखालच्या चपला मोजते, आणि घरातली पोर...

डॉक्टर : पुरे. रडायचं असेल तर मी आल्यावर रडा, मीही बसेन सोबतीला. आत्ता मला तुमची गरज आहे. तात्या, आजपासून भट्टी पेटवायची नाही.

तात्या : मोजणी आहे का आज?

डॉक्टर : नाही. मोजणी होईपर्यंत कचरा बाहेर पाठवायची सोय करते, कुणाच्या तरी पाया पडून. भट्टी पेटेल ती थेट मोजणीच्या दिवशी, यंत्र लावलेलं असताना, नेहमीसारखी. त्या दिवशी मागची घरं रिकामी ठेवू, पोरांना दुसरीकडे नेऊ.

तात्या : आणि यंत्रात खराब आलं तर?

डॉक्टर : तर ती पुन्हा पेटणार नाही.

तात्या : मी जावयाची नोकरी वाचवायला आलो होतो, मॅडम.

डॉक्टर : कळतंय मला.

तात्या : म्हणजे आता त्याची राहील आणि माझी जाईल.

डॉक्टर : तुमच्यासाठी मी भांडेन. शेवटपर्यंत भांडेन. धुरासाठी नाही भांडता येणार.

तात्या : भट्टीपलीकडे मला काही येत नाही हो. पण सिस्टर, चिऊला मी त्या दिवशी फुगा दिला होता. फुगवताच येईना तिला. मला वाटलं, लहान आहे. मॅडम, बंद ठेवतो मी भट्टी. किल्ली घ्या. माझ्याकडे असली की हात शिवशिवतात.

डॉक्टर : राहू द्या तुमच्याकडेच. तुमचा शब्द पुरे आहे मला.

सिस्टर : बाई, तिथे काय सांगणार तुम्ही?

डॉक्टर : हेच. की कारखान्याला आज टाळं लावू नका. दोन्हीकडचा धूर मोजा, काम नेहमीसारखं चालू असताना. आणि सुरुवात माझ्या दवाखान्यापासून करा.

सिस्टर : कारखान्याचा मालक पहिल्या रांगेत असेल. दात काढील.

डॉक्टर : काढू दे. हसता हसता त्यालाही फाटक उघडावं लागेल. माझी भट्टी सगळ्यांसमोर मोजली, की तो कुठल्या तोंडाने नाही म्हणेल?

सिस्टर : आणि कुणी विचारलं, वर्षभर तुमच्या भट्टीचं कसं कळलं नाही? तर माझं नाव सांगा.

डॉक्टर : दवाखाना माझा आहे. नाव माझंच सांगणार.

सिस्टर : हट्टी आहात. पहिल्या दिवसापासून हट्टी. थांबा, पदर सरळ करा. असं जाणार का सभेत?

डॉक्टर : चष्मा?

सिस्टर : डोक्यावरच आहे. जा आता, तो हॉर्न ऐकून माझे कान किटले.

डॉक्टर : येते. मंगळवारी येतील मोजणीवाले, सभेने ऐकलं तर. सिस्टर, तेव्हा मात्र...

सिस्टर : सांगायला नको. मंगळवारी या खुशाल. काही आवरून ठेवत नाही.