टाकीच्या तोंडाशी फेस

वर्ध्याच्या बसस्थानकात बाकावर तीन माणसं, चार पिशव्या आणि स्पीकरवर ठेवलेला एक फोन होता. शेजारच्या बाई आंजी गावात घरी असलेल्या नवऱ्याशी बोलत होत्या.

“सूनबाई म्हणते, सैपाकघरात वास येऊन राह्यला. मले तं सर्दीनं काई समजत नाई. उदबत्ती लावतो, काडी हातातच हाये.”

“ठेवा ते काडी खाली. गॅस असन तो.”

“शेगडी तं बंद हाये.”

“टाकीतून निघत असन. लाइटच्या बटनाले हात नका लावू. दारं उघडा, अन् रेग्युलेटर बंद करा.”

“केला. आता देवाचा दिवा?”

“देव थांबते आज. टाकीच्या तोंडाले साबणाचा फेस लावाले सांगा तिले, गळत असन तं बुडबुडे येतीन.”

“लावला तिनं.”

“काय दिसते? अवो, बोला ना.”

“मोजून राह्यली ते. दहा सेकंदात सात बुडबुडे.”