कारण कुठलंही असो

चंद्या : चूक! परत चूक! ताई, डोकं कुठे गहाण टाकलंस काय?

वनू : ओरडू नकोस. प्रश्न वाच परत.

चंद्या : इंग्लिश मला तोडकंमोडकं येतं, तरी मला कळला. तुला कळेना! नियम : मालकाला न विचारता घरात शिरणं गुन्हा, कारण कुठलंही असो. आता गोष्ट. शेजारी बाहेर गेलेला, घरातून जळका वास येतो, बाजूचा माणूस कुलूप उघडून आत जातो, स्टो बंद करतो. गुन्हा की नाही? तू लिहिलंस, नाही!

वनू : मग काय बिल्डिंग जळू द्यायची?

चंद्या : जळू दे ना! तुला विचारलंय का?

वनू : आपली किल्ली शेजारच्या शेवंतीकाकूंकडेच असते. परवा येऊन दूध उतरवून गेल्या. त्यांना काय पोलिसांत देऊ?

चंद्या : पेपर काढणारा काय घाटकोपरला आपल्या चाळीत राहतो?

आई : (आतून) चंद्या, बोंबलतंस कित्याक? शेजारी काय म्हणतले?

चंद्या : म्हणू देत! आई, गेल्या वर्षी प्रवेश परीक्षेत हिचं इंग्लिश झकास, गणित झकास, आणि ह्याच भागात आपटली. म्हणून बंगलोरचं ते वकिलीचं कॉलेज हुकलं. रविवारी परत हेच करणार, आणि मग बाबा मालाडच्या त्या स्थळाला हो सांगून मोकळे.

वनू : माहितीय मला. पुढचा घे.

चंद्या : नियम : लिहून दिलं नसेल तर करार नाही. कारखानदार तोंडी म्हणाला, कामावर परत घेतो. घेतलं नाही. करार झाला? तू लिहिलंस... अगं ए! झाला?

वनू : झालाच. बाबांना तोंडीच सांगितलं होतं, संप मिटला की या परत.

चंद्या : आणि घेतलं?

वनू : नाही घेतलं. म्हणून तर मला वकील व्हायचंय.

चंद्या : वकील झालीस की भांड ना कोर्टात! आधी आत तर घुस! दिलाय तेवढा नियम बघायचा, बाकी सगळं विसरायचं. एवढं सोपं आहे यार!

वनू : सोपं नाहीये ते.

चंद्या : बरं. पुस्तक ठेव खाली. आता मी घालतो प्रश्न.

वनू : तू?

चंद्या : नियम : मास्तरला मारणं गुन्हा, कारण कुठलंही असो. आता गोष्ट. नववीतला एक पोरगा. मास्तर भर वर्गात त्याच्या बापाला म्हणतो, संप करून घरी बसलेला ऐतखाऊ. पोरगा डस्टर फेकतो. मास्तरच्या कपाळाला खोक. बोल.

वनू : चंद्या, हे नको.

चंद्या : वेळ चाललाय.

वनू : तो मास्तर नालायकच होता.

चंद्या : नियमात आहे?

वनू : त्याने आधी माफी मागायला हवी होती. तुला शाळेतून काढलं तेव्हा मी हेडसरांना तोंडावर सांगितलं, माझ्या भावाचं चुकलं नाही. अजून सांगते सगळ्यांना.

चंद्या : हो. तू एकटीच सांगतेस. आई पण नाही सांगत. नियमात आहे ते?

वनू : नाही.

चंद्या : मग?

(बाहेर नळावर कळशी आदळते.)

वनू : गुन्हा.

चंद्या : ऐकू नाही आलं.

वनू : गुन्हा आहे. पोरगा दोषी.

चंद्या : कारण?

वनू : कारण कुठलंही असो.

(चंद्या पुस्तक उचलून परत तिच्यापुढे ठेवतो.)

वनू : चंद्या, मला खरंच तसं वाटत नाही रे.

चंद्या : तुला विचारलंय का? उत्तर बरोबर आहे. रविवारी असंच लिही.