नानांचं चंद्रावरचं भाषण

भाषणांचा विषय काढलात म्हणून सांगते. आमचे वडील, नाना, अमळनेरला मुलींच्या शाळेत हेडमास्तर होते. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्यांनी शाळेत भाषण केलं, "मुलींनो, उद्या तुमच्यातलीच एखादी विमान उडवील. फक्त घाबरू नका."

माझी थोरली बहीण शालूअक्का तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकत होती. तीही ऐकायला आली होती. तिने कुणाला न विचारता विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबाकडे अर्ज केला, आणि मुंबईहून चाचणीचं बोलावणं आलं. तिने ते नानांपुढे ठेवलं.

नाना म्हणाले, "अगं, ते भाषण होतं."

आई चुलीजवळून म्हणाली, "पोर हुशार शे, जाऊ द्या ना तिले."

"मग हिच्याशी लग्न कोण करेल?"

अक्का शांतपणे म्हणाली, "नाना, शाळेतल्या मुलींना एवढं सांगायचं राहिलं तुमचं."

त्याच हिवाळ्यात पारोळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याशी तिचं लग्न लावून दिलं. मांडवात नाना वरपक्षाच्या एकेका पाहुण्याला मोठ्या कौतुकाने सांगत होते, "आमच्या शालूला विमान चालवायला बोलावलं होतं, बरं का."